गाडी एकाची, जागेचं बिल सगळ्यांना

पोहण्याच्या तलावाला पार्किंग किती लागतं, सांगा बरं. अमेरिकेतल्या एका नियमावलीत याचं रीतसर उत्तर होतं: दर २५०० गॅलन पाण्यामागे एक गाडी. म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटरला एक. आता तोच तलाव तेवढाच लांब-रुंद ठेवून नुसता फूटभर जास्त खोल केला तरी पार्किंग वाढवा, कारण पाणी वाढलं. पाणी काही गाडी चालवत येत नाही, पोहणारे येतात, आणि खोल पाण्याला घाबरून उलट चार कमीच येतील, पण नियमांच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, लिहिलंय म्हटल्यावर प्लॅन पास करणाऱ्याने गॅलन मोजायचे आणि मोकळं व्हायचं.

हसू येतं, पण जगातल्या बहुतेक शहरांच्या बांधकाम नियमांत असं एक टेबल असतंच. फ्लॅट एवढ्या चौरस मीटरचा असेल तर एक गाडी, मोठा असेल तर दोन, ऑफिसला अमुक क्षेत्रफळामागे एक, थिएटरला सीटमागे, हॉस्पिटलला खाटांमागे. याला म्हणायचं किमान पार्किंग. 'किमान' हा शब्द दिसायला फार गरीब आहे, ऐकून वाटतं की बाबांनो थोडीफार सोय ठेवा एवढंच म्हणणं असेल. प्रत्यक्षात तो आकडा बसला नाही तर प्लॅन अडतो, मग तिथे राहायला येणाऱ्यांकडे गाडी असो नाहीतर नसो. माझं म्हणणं सरळ आहे, ही सक्ती काढून टाकावी. पार्किंग काढा म्हणत नाहीये, सक्ती काढा म्हणतोय. हा फरक बहुतेक वादांत पहिल्या पाच मिनिटांतच हरवतो आणि मग समोरचा विचारतो, मग गाडी काय डोक्यावर ठेवू का, म्हणून आधीच सांगून ठेवलं. मी स्वतः गाडी चालवतो आणि जागा मिळाली नाही की माझंही डोकं फिरतं.

मुळात हे सुरू कसं झालं ते बघण्यासारखं आहे. १९२३ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने अपार्टमेंटच्या इमारतींना पार्किंग बंधनकारक केलं, सर्वात जुनं उदाहरण म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने हॉटेलं आणि हॉस्पिटलं त्यात ओढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर एका शहराचं बघून दुसरं असं करत सगळीकडे पसरलं. कारण खोटं नव्हतं. गाड्या झपाट्याने वाढल्या, रस्त्याच्या कडा भरल्या, दुकानदार ओरडायला लागले. पण त्याच काळात याच प्रश्नाला दुसरं एक उत्तर पण आलं होतं, १९३५ साली ओक्लाहोमा सिटीत पहिलं पार्किंग मीटर बसलं. म्हणजे रस्त्याची कड कमी पडतेय ना, मग तिला भाडं लावा, गरज असेल तो थांबेल, नसेल तो हलेल. दोन उत्तरं समोर होती. एकात गाडीवाल्याकडून पैसे मागावे लागतात, दुसऱ्यात बिल्डरला सांगितलं की काम झालं, गाडीवाला खूश आणि नगरसेवकही खूश. कुठलं जास्त चाललं असेल ते सांगायला नको. प्रश्न रस्त्याचा होता, ढकलला इमारतीवर.

बरं, ढकलला तर ढकलला, आकडे तरी कुठून आणले? अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स नावाची संस्था आहे, ती कुठल्या प्रकारच्या इमारतीला किती गाड्या येतात याचं एक मॅन्युअल काढते आणि प्लॅनर लोक ते वर्षानुवर्षं पोथीसारखं वापरत आले. त्याची १९८७ ची आवृत्ती लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी नीट उलगडून बघितली. हा माणूस मुळात अर्थशास्त्र शिकलेला, अख्खं आयुष्य पार्किंगवर घालवलं, २०२५ च्या फेब्रुवारीत गेला. त्यांना काय दिसलं, तर मॅन्युअलमधल्या १०१ दरांपैकी निम्मे दर चार किंवा त्याहून कमी ठिकाणच्या पाहणीवर बेतलेले, आणि २२ टक्के तर एकाच ठिकाणच्या. ड्राइव्ह-थ्रूवाल्या, म्हणजे गाडीत बसूनच खाणं घेता येतं अशा फास्ट फूडचं उदाहरण तर अफलातून आहे. अठरा ठिकाणं मोजली, आलेखावर ठिपके पार विस्कटलेले, आर-स्क्वेअर ०.०३८, म्हणजे दुकान किती मोठं आहे यावरून किती गाड्या येतील हे जवळजवळ काहीच कळत नाही, तुमची रास बघून सांगितलं असतं तरी साधारण तेवढंच कळलं असतं. तरी त्यातून सरासरी काढली, हजार चौरस फुटांमागे ९.९५ जागा. दहा नाही हो, ९.९५! तो दशांश चिन्हापुढचा आकडा बघितला की भले भले गप्प बसतात.

शिवाय ही मोजणी बहुतेक शहराबाहेरच्या पसरट भागात, जिथे पार्किंग फुकट आहे, बस धड नाही, चालत जायला फूटपाथ नाही, आणि तिथेही सर्वात गर्दीच्या वेळी केलेली. फुकट पार्किंग असल्यावर लोक गाडीनेच येणार, मग गाड्या मोजायच्या, मग तेवढ्या जागा प्रत्येक नव्या इमारतीला बंधनकारक करायच्या, त्यामुळे इमारती एकमेकींपासून लांब जाणार, लांब गेल्या की चालत जाणं संपलं, मग अजून गाड्या, आणि पुढची मोजणी अजून मोठी. जत्रेत मोफत पाण्याची टाकी लावायची आणि रांग बघून म्हणायचं की माणसाला दिवसाला एवढं पाणी लागतं, तसलाच प्रकार.

आता जरा जमिनीवर येऊ, कारण हा विषय खरा कळतो तो मोजपट्टी घेतल्यावर. एका गाडीचा स्लॉट साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण गाडी स्लॉटमध्ये आकाशातून टपकत नाही, तिला यायला-वळायला रस्ता लागतो, रॅम्प लागतो, तो धरला की एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. एका माणसाचा छोटा फ्लॅट तेवढाच असतो. म्हणजे छोट्या फ्लॅटला एक पार्किंग सक्तीचं केलं की माणसाएवढीच जागा गाडीला, आणि ऑफिसात तर एका टेबल-खुर्चीला जेवढी जागा लागते त्याच्या दुपटी-तिपटीने तिथे बसणाऱ्याच्या गाडीला. तेही ती गाडी दिवसाच्या चोवीस तासांतले तेवीस तास नुसती उभी असते.

समजा प्लॉट पंधरा मीटर रुंद, तीस मीटर खोल आहे. ठीकठाक प्लॉट. बेसमेंटमध्ये गाड्या उतरवायच्या तर तीन मीटर खाली जायचंय, रॅम्पचा उतार आठास एक धरला तर चोवीस मीटर लांबी झाली. तीस मीटरच्या प्लॉटमध्ये चोवीस मीटर रॅम्पच! खाली पोचल्यावर वळायला जागा हवी, मधे लिफ्ट आणि जिना, आणि कॉलम. कॉलम गाड्यांना आडवे येऊ नयेत म्हणून गाडीच्या मापाने लावायचे, ते तसेच वर सातव्या मजल्यापर्यंत जाणार, म्हणजे वरच्या बेडरूमची भिंत कुठे येणार हे खाली उभी राहणारी गाडी ठरवते. आणि एवढं सगळं करून बारा गाड्या बसल्या की इमारत बारा फ्लॅटवर थांबली. नियमाने सोळा फ्लॅट बांधता येत असले तरी वरच्या चारांसाठी अजून एक बेसमेंट खणायला परवडत नाही. शहरात घरं कमी का बांधली जातात यावर मोठमोठ्या चर्चा होतात, चटईक्षेत्र वाढवा, उंची वाढवा, पण खरी मर्यादा कित्येक ठिकाणी त्या पार्किंगच्या टेबलात लपलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. छोट्या प्लॉटवाल्याची तर सर्वात वाट लागते. मोठ्या प्लॉटवर रॅम्प एका कोपऱ्यात मावतो, छोट्यावर तोच प्लॉट होतो. म्हणून छोटा मालक स्वतः बांधायच्या भानगडीत न पडता मोठ्या बिल्डरला विकून मोकळा होतो.

जुन्या इमारतींचंही तसंच. एखादी जुनी ऑफिसची बिल्डिंग रिकामी पडलीये, भक्कम आहे, कुणी म्हणालं हिची घरं करू. लगेच वापर बदलला, नवीन टेबल लागू, एवढ्या गाड्यांची जागा दाखवा. ती इमारत बांधली तेव्हा आजूबाजूला गाड्याच नव्हत्या, आता तिच्या पोटात बेसमेंट कसं खणणार? लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात नेमकं हेच झालं होतं, जुन्या ऑफिस इमारती दशकानुदशकं ओस. १९९९ मध्ये शहराने वेगळा नियम केला की जुन्या इमारतीची घरं करताना नवीन पार्किंग बांधायची अट नाही. पुढच्या दहाएक वर्षांत काही हजार घरं त्याच रिकाम्या इमारतींतून निघाली. गंमत म्हणजे तिथल्या बऱ्याच बिल्डरांनी पार्किंग दिलंच, पण आपल्या बुद्धीने दिलं, शेजारच्या लॉटमध्ये भाड्याने जागा घेतल्या, पलीकडच्या गॅरेजशी करार केला. गिऱ्हाईक गाडीवालं असेल तर बिल्डर पार्किंग देणारच, त्याला काय फ्लॅट विकायचे नाहीत?

आणि याचं बिल कोण भरतं? बेसमेंट खणणं हे बांधकामातलं महागड्यातलं काम, तो खर्च फ्लॅटच्या किमतीत मिसळतो, दुकानाच्या भाड्यात, तिथून वस्तूच्या किमतीत. गाडीवाल्याला पार्किंग 'फुकट' मिळतं कारण त्याचा खर्च चालत आलेल्या बाईने, बसने आलेल्या कॉलेजच्या पोराने, सायकलवाल्याने थोडा थोडा वाटून घेतलेला असतो, आणि त्यांना याचा पत्ताही नसतो, कारण पावतीवर 'पार्किंग' अशी ओळच नसते.

आता समोरच्याचं म्हणणं. सर्वात मोठा आक्षेप एकच आणि तो खरा आहे: सक्ती काढली की लोक रस्त्यावर गाड्या लावतील. माझ्या बाजूचे काही उत्साही लोक हा आक्षेप उडवून लावतात, ते मला पटत नाही. रस्त्याची कड फुकट आणि अमर्याद ठेवली तर लोक लावणारच. पण मग हेही मान्य करा की सक्ती असतानाही ते लावतातच! मी राहतो त्या बिल्डिंगखाली दोन मजले पार्किंग आहे. रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावर उतरा, कुणाच्या स्लॉटमध्ये गादी गुंडाळून ठेवलेली, कुणाच्या मोडकी टेबलं, कितीतरी नुसतेच रिकामे, कारण स्लॉट फ्लॅटबरोबर गळ्यात मारलेला, गाडी नसणाऱ्यालाही. आणि त्याच वेळी गेटबाहेर दोन्ही बाजूंना गाड्या, मधून अँब्युलन्स जाईल का याची शंका. ज्यांना दुसरी गाडी आहे त्यांना तो रिकामा स्लॉट भाड्याने घेता येईल की, पण कशाला घेतील, बाहेर फुकट आहे ना. दोन मजले काँक्रीट ओतूनही रस्ता मोकळा झाला नाही, कारण रस्त्याचा प्रश्न रस्त्यावर सोडवलाच नाही.

फुकट किंवा स्वस्त कडेचा दुसरा ताप म्हणजे घिरट्या. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलएला लागून वेस्टवुड व्हिलेज म्हणून छोटासा भाग आहे, जेमतेम पंधरा ब्लॉकचा. तिथे शूप यांनी मोजलं तर कडेची स्वस्त जागा शोधायला माणूस सरासरी ३.३ मिनिटं, अर्धा मैल फिरत होता. ऐकायला काहीच नाही, पण वर्षाची बेरीज साडेनऊ लाख मैलांवर गेली, पृथ्वीभोवती अडतीस चकरा, त्या एवढ्याशा भागात, पोचलेल्या लोकांनी घातलेल्या. यावर त्यांचं औषध साधं होतं: कडेला असा दर लावा की प्रत्येक ब्लॉकवर एक-दोन जागा कायम मोकळ्या राहतील. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हे करून दाखवलं, सेन्सर बसवले आणि ब्लॉकप्रमाणे, वेळेप्रमाणे दर वर-खाली केले. जिथे गर्दी तिथे वाढवले, पण जिथे ओस तिथे कमीही केले, हे लोक सांगायचं विसरतात.

दर लावायचा म्हटलं की बोंब होणार, हे गृहीत आहे. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडेनामध्ये जुन्या बाजारातल्या दुकानदारांनी आधी मीटरला विरोधच केला होता. मग शहराने कबूल केलं की मीटरचा पैसा याच भागाच्या फूटपाथवर, झाडांवर, दिव्यांवर, साफसफाईवर खर्च होईल. १९९३ मध्ये मीटर बसले, त्या उत्पन्नावर कर्ज काढून पडका बाजार दुरुस्त झाला आणि लोक परत यायला लागले. पैसा कुठल्यातरी मोठ्या तिजोरीत गडप होणार असेल तर कुणीच तयार होणार नाही, आणि का व्हावं? तोच पैसा दारासमोर दिसला की माणूस बदलतो.

जपानची पद्धत मला याहूनही आवडते. तिथे १९६२ च्या कायद्याने गाडी नावावर करताना जागा दाखवावी लागते. घरापासून दोन किलोमीटरच्या आत तुमची किंवा भाड्याची जागा आहे, गाडी तिच्यात मावते, असा नकाशा देऊन पोलिसांकडून दाखला घ्यायचा, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी. तिथेही मोठ्या इमारतींना पार्किंगचे नियम आहेत, नाही असं नाही, पण मुख्य जबाबदारी कुणावर टाकली ते बघा. ज्याची गाडी त्याच्यावर. इमारतीवर नाही, शेजाऱ्यावर नाही. ज्याला जागा हवी तो जागा विकत किंवा भाड्याने घेतो, म्हणून गल्लीबोळात चार-सहा गाड्यांचे छोटे छोटे पार्किंग लॉट उगवतात, कुणी सक्ती न करता. नवी गाडी घेताना पेढे वाटायच्या आधी ती ठेवणार कुठे हा प्रश्न पडलाच पाहिजे, आणि तो गाडी घेणाऱ्यालाच पडला पाहिजे.

दुसरा आक्षेप, सक्ती काढली तर कुणी पार्किंग बांधणारच नाही. याचं उत्तर आता अंदाजाने द्यायची गरज नाही. लंडनने २००४ मध्ये किमान काढून त्याजागी कमाल मर्यादा आणली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की नव्या घरांमागे पार्किंग १.१ वरून ०.६३ वर आलं. शून्यावर नाही. अमेरिकेत बफेलोने २०१७ मध्ये अख्ख्या शहरातली सक्ती रद्द केली, तर मोठ्या प्रकल्पांपैकी सुमारे निम्म्यांनी जुन्या नियमापेक्षा कमी पार्किंग बांधलं आणि उरलेल्यांनी तेवढंच किंवा जास्त. म्हणजे ज्याला जेवढं लागतं तेवढं त्याने बांधलं. मेक्सिको सिटीने २०१७, कॅनडातल्या एडमंटनने २०२०, टेक्सासमधल्या ऑस्टिनने २०२३, कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने बस-रेल्वेच्या मोठ्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत, असं एकेक करत सगळे निघालेत. न्यूझीलंडने तर २०२० मध्ये देशाच्या पातळीवर आदेश काढून मोठ्या शहरांना २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत किमान पार्किंग नियमांतून काढायला लावलं. अपंगांसाठीच्या जागांची अट तेवढी ठेवली आणि ते बरोबरच आहे, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दाराशी जागा हा बाजाराचा प्रश्न नाही, हक्काचा आहे.

लंडनच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र माझ्याच बाजूच्या लोकांना टोचते. पार्किंग जे कमी झालं त्यातलं जवळजवळ सगळं, ९८ टक्के, किमान काढल्यामुळे होतं, कमाल लादल्यामुळे फक्त दोन. तरी आमच्यातले काही जण कमाल मर्यादेसाठी हट्ट धरून बसतात. एक चुकीचा आकडा काढून दुसरा आकडा घुसवायचा, आणि तोही तसाच कुणीतरी टेबलावर बसून ठरवणार. लोकांना वाटतं आधी गाडी ठेवायला लावत होते, आता ठेवू देत नाहीयेत, आणि मग अख्ख्या सुधारणेवरच राग निघतो. अगदी गर्दीच्या मध्यवर्ती भागात कमाल मर्यादेला अर्थ असेल, बाकी ठिकाणी नसत्या भांडणाला आमंत्रण.

तिसरा आक्षेप, वाचलेला पैसा बिल्डर खिशात घालणार, घरं काही स्वस्त होणार नाहीत. पहिल्या दिवशी खिशात घालेल, शंकाच नाही, तो काय धर्मादाय करायला बसलाय का. फ्लॅटची किंमत खर्चावर ठरत नाही, बाजारात काय मिळेल त्यावर ठरते. फरक पडतो तो बारा फ्लॅटच्या जागी सोळा झाले, आणि ज्या छोट्या प्लॉटवर काहीच परवडत नव्हतं तिथे बांधकाम सुरू झालं म्हणून, आणि तेही सावकाश. उद्यापासून घरं निम्म्या किमतीत असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण एक गोष्ट लगेच करता येते, फ्लॅट आणि पार्किंगचा सौदा वेगळा करायला लावणं. गाडी असेल तर जागा घ्या, नसेल तर तेवढे पैसे कमी द्या. निदान बिलावर ती ओळ तरी दिसेल.

जिथे बस नाही, फूटपाथ नाही आणि कडेवर कुणाचा वचक नाही, तिथे नुसती सक्ती काढून काही वर्षं त्रास होईल, हे मी मान्य करतो. दोन्ही कामं बरोबर व्हायला हवीत. पण एकच जमणार असेल तर निदान छोट्या प्लॉटना आणि जुन्या इमारतींना तरी आजच सोडा. कारण मीटर पाच वर्षांनी बसवता येतं, दर पुढच्या महिन्यात बदलता येतो, चुकलं तर परत फिरवता येतो. बेसमेंट एकदा खणलं की पन्नास वर्षं तिथेच. उंची जेमतेम अडीच मीटर, खिडकी नाही, हवा नाही, अर्ध्या जागेत रॅम्पचा उतार, उद्या गाड्या कमी झाल्या तर तिथे ना घर होईल ना ऑफिस. फार तर पाणी भरून पोहण्याचा तलाव करता येईल, पण मग दर २५०० गॅलनला एक गाडी दाखवा.